फिटरीणबाईंची भुलाबाई

भाद्रपद पौर्णिमा, १९४५. अंगणात उडदाच्या शेंगा वाळत घातल्या आहेत आणि आभाळाकडे बघत बघत मी त्या पालथ्या करते आहे. काल दुपारी एक सर येऊन गेली. निम्मा ढीग घरात न्यायचा, परत आणायचा, पुन्हा पसरायचा. शेंगा तडकायला लागल्या की बडवायच्या. तोवर हात अडकलेले असले तरी डोकं मोकळं असतं.

गल्लीतल्या पोरी सकाळीच टिपऱ्या मागून गेल्या. आमच्या टिपऱ्या बाभळीच्या आहेत, टणटणीत वाजतात, म्हणून दर वर्षी नेतात आणि दर वर्षी एखादी हरवतात. आजपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर भुलाबाई चालेल. कोनाड्यात मातीची भुलाबाई बसवायची, शेजारी तिचा भुलोजी, आणि दिवे लागायच्या सुमारास तिच्यापुढं गोल करून गाणी म्हणायची. ज्या घरी गाणी होतील त्या घरच्या बाईनं झाकलेल्या डब्यात खाऊ आणायचा. डबा हलवायचा, गोलातल्या पोरींनी आवाजावरून खाऊ ओळखायचा. ओळखला तर डबा उघडतो, नाही तर नाही.

मला स्वतःला या खेळाची गोडी कधीच नव्हती. माझा आवाज जात्यालासुद्धा नकोसा. रिठदला माहेरी असताना मी गोलात उभी राहायची ती खाऊपुरती. पण नऊ-दहा वर्षांपूर्वीचा भुलाबाईचा महिना मला अजून कामाला येतो, म्हणजे दळताना, निवडताना आठवतो आणि कामाचा कंटाळा घालवतो. यापेक्षा जास्त आठवणीकडून कुणी काय मागावं?

त्या साली पाऊस पोळ्यानंतरही हटत नव्हता. आमच्या वाशीमजवळच्या मालेगावची काळी माती गुडघ्याएवढी झाली होती. कपाशीची पऱ्हाटी फुलावर आलेली, ज्वारी पोटरीत, कुडाच्या भिंतींना ओल्या कडब्याचा वास. कापसातली सरकी काढणाऱ्या जीनच्या उंच धुराड्यातून धूर नव्हता. कापूस निघेपर्यंत जीन मुकी असते. दिवाळीनंतर तिचा भोंगा सुरू झाला की सगळं गाव त्यावर उठतं. पण त्या आधी इंजिन खोलून, घासूनपुसून, पुन्हा जोडावं लागतं. त्यासाठी जीनवाल्या शेठजींनी मुंबईहून एक फिटर आणवला. गोव्याकडचा ख्रिस्ती माणूस, चाळिशीचा, बोटं काळी आणि बोलणं मऊ. सोबत बायको, आना नावाची. शेठजींच्या घरी कांदासुद्धा चालत नाही, तिथं मासे खाणाऱ्यांना जागा कोण देणार? आमची परसातली खोली रिकामी होती. आमच्या घरच्यांनी मला विचारलं, मी म्हटलं छप्पर गळतं तेवढं त्याच्याकडूनच दुरुस्त करून घेऊ. अशी ती दोघं आली.

आनाला गल्लीनं दोन दिवसांत फिटरीणबाई केलं. ती झगा घालायची, डोक्याला रुमाल बांधायची. तिची बोली आणि आमची बोली चुलत बहिणींसारखी, चेहरा ओळखीचा पण बोलणं जुळत नाही. ती अडली की हिंदी वापरायची, आम्ही अडलो की हात. तिला मूलबाळ नव्हतं. नवरा दिवसभर इंजिनात डोकं घालून असायचा आणि ती दारात बसून चिखलाकडे बघत असायची. तिसऱ्या दिवशी तिनं मला विचारलं की इथं बायका संध्याकाळी काय करतात. मी सांगितलं, स्वयंपाक.

फिटरापाशी एक काळी पेटी होती. लोकांना वाटलं हत्यारं असतील. एका संध्याकाळी त्यानं हात साबणानं तीनदा धुतले, पेटी उघडली आणि फिडल काढलं. त्यानं मुंबईच्या हॉटेलात बँडमध्ये काही वर्षं फिडल वाजवलं होतं. बँड मोडला, तेव्हा तो पुन्हा इंजिनाकडे वळला. त्यानं जे वाजवलं त्याला टँगो म्हणतात असं त्यानं सांगितलं. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा बंदरातून ते निघालं आणि साहेब लोकांच्या हॉटेलात येऊन पोचलं. सूर लांब ओढायचा, चार पावलं चालवायचा आणि मध्येच असा थांबवायचा की ऐकणाऱ्याचा श्वास अडकावा. आमच्या कुडापलीकडे निम्मी गल्ली येऊन उभी राहिली.

शेजारच्या कौसाकाकू सगळ्यांत पुढं. साठीच्या पुढच्या, पांढऱ्या केसांच्या, वीस-पंचवीस वर्षं विधवा असलेल्या आणि गल्लीच्या सगळ्या रीतीभातीच्या मालकीण. त्यांनी विचारलं की यावर नाचतात कसं. आनानं खुणेनं सांगितलं, नवऱ्यानं बायकोला धरायचं आणि दोघांनी मिळून चालायचं.

“नवऱ्याले धरूनच चालाचं,” कौसाकाकू म्हणाल्या, “तं त्याच्यासाठी वाजंत्री कायले लागते?”

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. आनाला शब्द कळले नाहीत, हसू कळलं, आणि तीही हसली. मग तिनं माझाच हात धरला. मी मोकळी उभी होते एवढंच माझं चुकलं. आपण आपल्या फुगडीत बाईला धरतोच, तेव्हा मी फार विचार केला नाही. ती मागं सरकायची, मी पुढं. एक पाय उचलायचा, सावकाश टेकवायचा, त्यावर भार द्यायचा, थांबायचं, मग दुसरा ओढून आणायचा. मला सगळं ओळखीचं वाटलं. भाद्रपदात काळ्या रानातून डोक्यावर भारा घेऊन येणारी कुठलीही बाई असंच चालते. चिखल पाय सोडत नाही, घाई केली तर चप्पल आत राहते आणि बाई बाहेर. फिटर वाजवता वाजवता म्हणाला की मुंबईच्या मडमांना हे शिकायला सहा-सहा महिने लागतात. मी म्हटलं, त्यांना इकडे पाठवा, दोन एकर निंदून घेते.

आता वेणूचं सांगायला हवं. ती माझी धाकटी नणंद. माझं लग्न झालं तेव्हा ती परकरात होती आणि भुलाबाईची सगळी गाणी तिला पाठ होती. सासर-माहेरची, रुसव्याची, हरवलेल्या नथीची, सासूच्या कारल्याच्या वेलाची. नुसती पाठ नाही, कुठलं गाणं कुठल्या नंतर घ्यायचं, कुठं टिपरी दुहेरी पाडायची, तेही. पंधराव्या वर्षी आसेगावला दिली. सतराव्या वर्षी नवरा तापानं गेला. आमच्यात पाट लावत नाहीत, विधवेचं दुसरं लग्न होत नाही. ती परत आली आणि माजघरात बसली. तिला गाऊ नकोस असं कुणी सांगितलं नाही. सांगावं लागलंच नाही. भुलाबाई पोरींची आणि सवाष्णींची. पोरी आमच्या अंगणात आल्या की वेणू आतलं दार लोटून घ्यायची.

ती मराठी पाचवी पास होती. वाशीमच्या मुलींच्या शाळेत खालच्या वर्गाला बाई हवी होती, हे मी त्या उन्हाळ्यातच काढून ठेवलं होतं. वेणूला म्हटलं तर तिचं एकच उत्तर, “वयनी, मले चार मान्सात उभं राहावत नाई.” आणि इकडे आसेगावहून तिच्या दिराचा निरोप आला होता: दिवाळी झाली की गाडी पाठवतो, घरची माणसं असताना वेचणीला मजूर कायले लावाचे? एकदा ती त्या गाडीत बसली की जन्मभर फुकटच्या कामाला जुंपली जाणार, हे मला दिसत होतं. माझ्या घरच्यांना, म्हणजे तिच्या भावालाही, दिसत होतं, पण बहिणीच्या सासरशी वाकडं घ्यायला त्यांना कारण लागत होतं. शाळा हे कारण झालं असतं. आणि वेणू शाळेचं नाव काढलं की सूप घेऊन आत जायची.

पौर्णिमेला पोरी आल्या, गाणी झाली. आना आपल्या दारातून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली. तिला ही गाणी शिकायची होती. मी भाकरी करत होते. पोरींना विचार म्हटलं. तिनं विचारलं होतं, पोरी एका दमात सगळं म्हणतात आणि फिदीफिदी हसत पळतात. कौसाकाकूंना विचार म्हटलं. त्या समोर आल्या की तिला भीती वाटायची. मग मी हातातला गोळा न सोडता माजघराकडे मान केली.

वेणू ज्वारी पाखडत होती. “मी नाई म्हनत,” ती म्हणाली.

“नको गाऊ,” आना तिच्या समोर बसत म्हणाली. “नुसतं बोल. मी ऐकणार.”

बोलायला काय हरकत होती? वेणूनं एक एक ओळ नुसती सांगितली, भाजीचा भाव सांगावा तशी. आना ती घोळवून घोळवून म्हणायची. आणि चाल कुठली? तिच्या कानात जी होती तीच. ती नवऱ्याचं फिडल वर्षानुवर्षं ऐकलेली बाई. दोन शब्द ओढायची, चार शब्द चालवायची आणि जिथं टिपरी पडायला हवी नेमकी तिथं थांबायची. सासूनं सुनेला माहेरी पाठवायचं की नाही हे सांगायच्या ऐन वेळी ती श्वास धरून बसायची. भुलाबाई अशी थांबत नाही. ती उतारावरच्या बैलगाडीसारखी जाते, मध्ये थांबवली की उलटते.

दोन दिवस वेणूनं ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी तिनं सुपाच्या कडेवर बोटानं टकटक केलं, इथं थांबायचं नाही म्हणून. आना थांबलीच. चौथ्या दिवशी वेणूनं मांडीवर थाप मारली. आनानं मान हलवली, हो हो म्हटलं आणि पुन्हा तिथंच थांबली. मग वेणूनं सूप बाजूला ठेवलं आणि ती ओळ गाऊन दाखवली. पूर्ण आवाजात नाही, पण गाऊन.

मी चुलीपुढं भाकरी थापत होते. माझा हात थांबला नाही. थापताना हात थांबवला तर भाकरी मोडते. पण पुढच्या चार भाकरी मी अगदी सावकाश थापल्या, कारण माझ्या बांगड्यांच्या आवाजात मला ते गाणं बुडवायचं नव्हतं.

त्यानंतर रोज दुपारी माजघरात शाळा भरायची. वेणू ओरडायचीसुद्धा. “काहून थांबून राह्यली वं बाई, तुले कोन अडोलं?” असं ती आनाला म्हणायची, आणि आना हसून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. बदल्यात वेणूला टँगोची पावलं मिळाली. परसात, पाण्याच्या पाटाच्या कडेनं, दोघी हात धरून चालायच्या. वेणूची पावलं माझ्यापेक्षा नीट पडायची. ती थांबायची तेव्हा खरोखर थांबायची. मी थांबले की चुलीवर काय ठेवलंय ते आठवायचं. फिटरानं खोलीचं छप्परही तेवढ्यात दुरुस्त केलं, हे नोंदवायला हवं. ते अजून गळत नाही.

गल्लीत आवाज लपत नाही. कौसाकाकू एका सकाळी आल्या आणि उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. वेणू भुलाबाई म्हणते हे खरं का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, म्हणत नाही, शिकवते.

“एकच झालं.”

“एक कसं, काकू? तुमी ओट्यावर बसून पोरींले सांगता. तुमाले कोनी म्हनते काय का कौसाबाई भुलाबाई खेळते?”

 खरंच होतं ते. पोरी ओळ विसरल्या की ओट्यावरून त्याच पुढची ओळ सांगायच्या, कैक वर्षं. “माह्ये केस पिकले, बाई,” त्या म्हणाल्या.

“मंग तिचे पिकेपर्यंत हे गाने रायतीन काय?”

 जाताना त्या एवढंच म्हणाल्या की ओट्यावर दोघी बसतील एवढी जागा आहे, पण गोलात नाही; खाऊही गोलातल्यानंच ओळखायचा. मी तेवढ्यावर समाधान मानलं. मिळालं ते आधी पदरात घ्यावं, उरलेल्याचं मग बघावं, अशी माझी चाल आहे. त्या संध्याकाळपासून वेणू ओट्यावर बसायला लागली, कौसाकाकूंच्या शेजारी. पोरी अडल्या की दोन्हीकडून ओळ यायची, आणि कधी कधी दोघींच्या ओळी वेगळ्या असायच्या. तेव्हा मोठी मजा व्हायची. कौसाकाकू म्हणायच्या अमुक, वेणू म्हणायची तमुक, आणि पोरी हातात टिपऱ्या धरून निकालाची वाट बघत उभ्या. पण शाळेचं विचारलं की वेणू अजून मान हलवायची. ओट्यावर बसणं वेगळं आणि उभं राहणं वेगळं. कोजागिरी जवळ आली होती, म्हणजे दिवाळीही.

आनाला कोजागिरीच्या दिवशी भुलाबाई आपल्या दारी हवी होती. पोरी तयार होत्या, त्यांच्या आया नव्हत्या. ख्रिस्त्याच्या घरचं खायचं कसं? वाद घालण्यात वेळ गेला असता. मी म्हटलं, आना जे करायचं ते माझ्या चुलीवर, माझ्या कढईत करेल आणि ढवळेल वेणू. मग ते आमच्या घरचं झालं. आयांना जेवढा आडोसा हवा होता तेवढा मिळाला आणि कुणी पुढं विचारलं नाही.

शेठजींनी अकोल्याहून मोटारीनं नारळ आणवून दिले. ओला नारळ आमच्याकडे पूजेपुरता; इथं त्याचं दूध काढून कढईत घातलं, त्यात काळा गूळ आणि तांदळाचं पीठ. सकाळपासून ढवळणं चाललं. सोडलं की तळाला लागतं. वेणूचा खांदा भरून आला, पण तिनं कलथा मला दिला नाही. शेवटी चकचकीत तपकिरी गोळा झाला आणि कढईच्या कडा सोडायला लागला. त्याला दोदोल म्हणतात असं आनानं सांगितलं. तो तिनं गरम गरम पितळी डब्यात ओतला, वरून दाबला आणि झाकण लावलं.

चंद्र उगवायच्या सुमारास परसात ज्वारीच्या धांड्यांचा मखर बांधून भुलाबाई बसवली. महिनाभराची सगळी गाणी झाली. आना गोलात होती, आणि ती एकदाही चुकीच्या जागी थांबली नाही. ओट्यावर वेणूचे ओठ हलत होते. मग आनानं डबा आणला आणि हलवला.

डबा वाजलाच नाही.

पोरींनी कान लावले. पुन्हा हलवायला लावला. काही नाही. एक म्हणाली रिकामा आहे, फिटरीणबाई फसवून राह्यल्या. दुसरीनं हातात घेऊन बघितला, जड होता. मग सुरू झालं. पेढा, बर्फी, शिरा, खरवस, पुरण, सांजा. आना प्रत्येकाला मान हलवायची. तिला वेणूनंच बजावून ठेवलं होतं की नेमकं नाव आल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, आणि ती नियमाला पक्की. पोरींची नावं संपली. त्यांच्या आया कुडापलीकडून नावं पुरवायला लागल्या. कौसाकाकूंनी ओट्यावरून तीन नावं टाकली, तिन्ही चुकली. हे त्यांच्या बाबतीत कधी झालं नव्हतं. गल्लीतला कुठलाही डबा त्या बसल्या जागेवरून सांगायच्या. गुळाचा वास तर येत होता, आणि वास आला की कौसाकाकूंना धीर धरवत नाही.

त्यांनी शेजारी बघितलं. वेणू खाली मान घालून बसली होती.

“तुले ठाव हाय,” त्या म्हणाल्या.

वेणूनं मान आणखी खाली घातली.

“सांग ना वं.”

“ओट्यावरून कसं सांगू, काकू?” वेणू म्हणाली. “तुमीच म्हनलं, गोलातल्यानंच ओळखाचं.”

कौसाकाकूंनी स्वतः ओट्यावरूनच टाकलेल्या तीन नावांकडे तिनं काणाडोळा केला, हे मी पाहिलं. कौसाकाकूंनीही पाहिलं असावं.  त्या म्हातारीनं भुलाबाईकडे बघितलं, डब्याकडे बघितलं, कुडापलीकडच्या बायकांकडे बघितलं. मग वेणूच्या पाठीला हात लावून तिला पुढं ढकललं.

“जाय मंग गोलात. पोरी कवाच्या उपाशी हायेत.”

वेणू उतरली. पोरींनी बाजूला होऊन जागा केली, जशी उशिरा आलेल्या मैत्रिणीला करतात तशी. तिनं डब्याला कान लावला, रीत म्हणून, आणि नाव सांगितलं. आनानं झाकण काढलं. दोदोल इतका घट्ट बसला होता की सुरी आणावी लागली. कौसाकाकूंनी दोनदा घेतला आणि म्हणाल्या, बरा हाय, दाताले चिकटते. मग शेवटचं गाणं राहिलं होतं ते वेणूनं उचललं, उभं राहून, पोरींच्या मध्ये. खोलीच्या दारात बसून फिटरानं फिडल खांद्याला लावलं आणि तिच्या मागं मागं गेला. तो मात्र दोनदा चुकीच्या जागी थांबला.

फाल्गुनात जीन बंद झाली आणि ती दोघं हिंगणघाटच्या बाजूला गेली. पुढं कुठं गेली, ठाऊक नाही. आम्ही एकमेकींना काही दिलं-घेतलं नाही. जाताना तिनं कढई घासून दिली. मी आभार मानले नाहीत. आमच्याकडे तोंडावर आभार मानायची पद्धत नाही, आणि मानायचे तर नक्की कशाचे, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. आता सांगता येतं. ती आली, तिला आमचं काही येत नव्हतं आणि न येण्याची तिला लाज नव्हती. आम्ही सगळी शहाणी माणसं वेणूला गा म्हणू शकलो नाही, कारण आम्हाला सगळ्या रीती ठाऊक होत्या. शिकायला कुणीतरी नवखं लागतं, तेव्हा कुठं घरातल्या माणसाला काय येतं ते घराला कळतं. त्या बाईचं भलं झालेलं असो.

पण ते सगळं नंतरचं. कोजागिरीच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मी चार भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधला, वेणूला धुतलेलं लुगडं नेसायला सांगितलं आणि वाशीमच्या मोटारीत बसवलं. का जायचं हे तिनं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. मुलींच्या शाळेत मोठ्या बाईंनी आम्हाला बाकावर बसायला सांगितलं. वेणू बसली नाही. बाईंनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं, पाचवीचं विचारलं, मग आजवर कुणाला काही शिकवलं आहे का, असं विचारलं.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं.

“एका बाईले शिकोलं,” वेणू म्हणाली. “तिले आपली बोली येत नोती.”

मी तोंड मिटलं, बाकावर नीट टेकून बसले आणि भाकरीचं फडकं सोडलं. भूक लागली होती.